जीपचा हँडब्रेक आणि मामाचा दगड

जुन्या जीपचा हँडब्रेक हा आपल्याकडे विनोदाचाच विषय आहे. ज्याच्याकडे जुनी जीप आहे त्याला विचारा, तो हसतो आणि सीटखालून दगड काढून दाखवतो. हा दगड गाडीबरोबर वर्षानुवर्षं फिरतो. स्टेपनी विसरेल एखादा, पण दगड विसरत नाही. माझ्या मामाचा तर खास नदीतून आणलेला, एका बाजूने सपाट असा दगड आहे आणि गाडी विकायची वेळ आली तर तो दगडाची वेगळी किंमत लावेल अशी मला खात्री आहे.

जीप म्हणजे सीजे-३बी. विलीज कंपनीने १९५३ साली काढलेलं मॉडेल. उंच बॉनेटवरून लगेच ओळखू येतं. आत जे हरिकेन इंजिन बसवलं ते जुन्या इंजिनापेक्षा उंच होतं, म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. दिसायला काही फार देखणं प्रकरण नाही, पण आपल्याकडे याच जातीच्या जीपा पुढे कित्येक वर्षं बनत राहिल्या आणि खेडोपाडी अजून चालतात. मामाची १९७० च्या आसपासची. भोर तालुक्यात त्याचं शेत आहे. दुधाचे कॅन, कडबा, युरियाची पोती आणि लग्नाची वऱ्हाडं, सगळं या गाडीने वाहिलंय.

आता मुद्दा. मामाचं घर उतारावर आहे. गाडी उभी राहते वरच्या बाजूला, चिंचेखाली. आणि तिथून सरळ खाली रेघ मारली तर ती जाते ओसरीवर, जिथे आजी सकाळी उन्हाला बसते. आजीचं वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं. हे चित्र मी लहानपणापासून बघतोय आणि कधी काही वाटलं नव्हतं. गेल्या दिवाळीत मामेबहिणीचा पाच वर्षांचा मुलगा गाडीत बसून "ड्रायव्हर ड्रायव्हर" खेळत होता. या जीपमधे एकूण तीन दांडे. एक गिअरचा, दोन ट्रान्सफर केसचे. पोराने तिन्ही हलवले. गाडी गिअरमधे होती, हँडब्रेक ओढलेला होता, चाकाला दगड होता. तरी गाडी हलली आणि दगडासकट वीतभर खाली सरकली. चिखल होता म्हणून दगड सरकला, आणि मग कुठेतरी रुतला म्हणून गाडी थांबली.

सगळे हसले. मामा म्हणाला, "बघ, दगडच कामाला आला का नाही!"

मला मात्र हसू आलं नाही. कारण काय झालं ते मला कळलं होतं. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या मागचा तो डबा, ज्यातून एक शाफ्ट मागच्या चाकांना जातो आणि एक पुढच्या. त्याचा एक दांडा हाय, लो आणि न्यूट्रल असा फिरतो. तो न्यूट्रलला गेला की इंजिन आणि गिअरबॉक्स एकीकडे, चाकं दुसरीकडे. मग तुम्ही गाडी पहिल्या गिअरमधे टाका नाहीतर रिव्हर्समधे, चाकांना त्याचा पत्ताच नसतो. अशा वेळी गाडी धरून ठेवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे हँडब्रेक. आणि तो तर विनोदाचा विषय!

त्यामुळे दिवाळीनंतरचे माझे चार शनिवार-रविवार पुणे-भोर-पुणे असे गेले. (बायकोने पहिल्या वीकेंडला विचारलं, "काय दुरुस्त करायचंय?" "हँडब्रेक." दुसऱ्या वीकेंडला विचारलं, "अजून तोच?" तिसऱ्या वीकेंडला विचारलं नाही.)

या जीपचा हँडब्रेक आपल्या नेहमीच्या गाड्यांसारखा मागच्या चाकांत नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाला असतो. तिथे चहाच्या बशीएवढा एक ड्रम, आत दोन ब्रेक शू. ड्रम मागच्या प्रोपेलर शाफ्टबरोबर फिरतो. डॅशबोर्डखालचं टीच्या आकाराचं हँडल ओढलं की केबल ताणते, शू फाकतात, ड्रम धरला जातो, पर्यायाने शाफ्ट आणि चाकं. मला ही रचना फार आवडते. बशीएवढ्या ड्रमने टनाची गाडी कशी धरायची? तर मधे डिफरन्शिअल आहे. त्यात ४३ दात्यांचं मोठं चाक आणि ८ दात्यांचं छोटं, म्हणजे शाफ्ट साधारण ५.३८ वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. उलट बाजूने बघा. चाकाला जेवढा जोर रोखायचा आहे त्याच्या पाचव्या हिश्श्याहून कमी जोर शाफ्टवर लावला तरी पुरतो.

सवयीप्रमाणे गणित करून बघितलं. मोबाइलवर उतार मोजला तर सात अंश आला. गाडी सामानासकट १,२०० किलो धरली. सात अंशांवर ती खाली खेचली जाते साधारण १४६ किलोच्या जोराने. चाकाची त्रिज्या ३६ सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे चाकांपाशी ५२-५३ किलो-मीटरचा पीळ, आणि ५.३८ ने भागलं की शाफ्टपाशी दहाच्याही आत. हे काही जगावेगळं नाही. म्हणजे ब्रेक धड असेल तर त्या उतारावर त्याने गाडी आरामात धरायला हवी. "जुन्या जीपचा हँडब्रेक लागतच नसतो" हे वाक्य मला म्हणूनच पटत नव्हतं. सैन्यासाठी बनवलेल्या गाडीचा हा वंश. डोंगरात उभी करायची सोय त्यांनी केलीच नसेल असं होईल का?

तर मग बिघाड कुठे? हँडब्रेक कमजोर आहे ही तक्रार म्हणजे आमच्याकडे "ॲप्लिकेशन स्लो आहे" म्हणतात तशी. त्याच्यामागे दहा कारणं असू शकतात, आणि पहिलं काम म्हणजे हँडल ओढताना हाताला काय लागतं ते बघणं. हँडल येतच राहिलं आणि घट्टच झालं नाही तर केबल ढिली आहे किंवा लायनर झिजलंय. हँडल लगेच घट्ट झालं, पण खाली ड्रमपाशी लिव्हर हललीच नाही, तर केबल तिच्या नळीत गंजून अडकली आहे. आणि हँडल व्यवस्थित घट्ट झालं, लिव्हरही पूर्ण फिरली, तरी गाडी सरकतेय, तर शू ड्रमला टेकतायत पण धरत नाहीत. म्हणजे घर्षणच नाही. लायनर तरी काच झालंय किंवा तेल प्यायलंय.

मी गाडीखाली झोपलो, मामाला हँडल ओढायला लावलं. लिव्हर छान फिरली. तिसरा प्रकार. ड्रमच्या खालच्या कडेला बोट लावलं तर काळं, घट्ट, वास येणारं गिअर ऑइल.

"मामा, लायनर कधी बदललं?"

"मागच्या वर्षीच. त्याच्या आदल्या वर्षी पण. लायनर आता पूर्वीसारखे येत नाहीत रे."

तीन वर्षांत दोन वेळा लायनर, आणि दोन्ही वेळा सहा महिन्यांत परत दगड. इथे मला ओळखीचा वास आला. (गिअर ऑइलचा नव्हे!) दर सोमवारी सर्व्हर रिस्टार्ट करायचा आणि म्हणायचं प्रॉब्लेम सुटला, असे प्रोजेक्ट मी बघितलेत.

उघडायच्या आधी एक गोष्ट सांगून ठेवतो. मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडला की या गाडीला मागून धरणारं काहीच उरत नाही. हँडब्रेकही नाही आणि गिअरही नाही. म्हणून गाडी सपाटीवर घेतली, चारी चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले आणि मगच खाली गेलो. मामाला हा सगळा बायकी प्रकार वाटत होता, पण ठोकळे त्यानेच करवतीने कापून दिले.

ड्रम उतरवला. आत जे होतं त्याला ब्रेक म्हणणं धाडसाचं होतं. दोन्ही लायनर तेलात भिजलेले, पृष्ठभाग आरशासारखा. लायनरची जाडी मात्र भरपूर शिल्लक होती. म्हणजे झिजले नव्हतेच बिचारे, बुडाले होते. तालुक्याच्या गावातून मामा ज्या मिस्त्रींना घेऊन आला होता ते म्हणाले, पेट्रोलने धुऊन गॅसवर जरा भाजू, तेल जळून जाईल. हा इलाज सर्रास करतात. पण लायनर स्पंजासारखं तेल आत ओढून घेतं. वरचं जातं, आतलं गरम झालं की परत वर येतं. शिवाय ते फुंकर मारून ड्रम साफ करायला लागले तेव्हा मी त्यांना अडवलं. जुन्या लायनरमधे ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसलं, फडकं पिशवीत बांधून टाकलं. मिस्त्री हसले, पण दुसऱ्या शूच्या वेळी त्यांनी स्वतःच फडकं भिजवलं.

लायनर पुण्याला नेऊन नवीन रिव्हेट मारून आणायचं ठरलं. पण तेल येतंय कुठून? ड्रमच्या मागेच ट्रान्सफर केसचं ऑइल सील असतं. शाफ्टच्या टोकाला जो योक बसतो त्याच्या गुळगुळीत गळ्यावर या सीलचा रबरी ओठ टेकलेला असतो. सील गेलं की तेल थेट ड्रममधे. आता मजा बघा, मिस्त्रींनी सीलही गेल्या वर्षी बदललेलं होतं. रबर अजून मऊ होतं, स्प्रिंग जागेवर. सील चांगलं, तरी गळतंय.

उत्तर मिळालं नखाला. योकचा गळा पेट्रोलने धुतला आणि त्यावरून आडवं नख फिरवलं. नख अडकलं. पन्नास वर्षं रबराचा ओठ एकाच जागी घासून पोलादाला चर पडला होता! धूळ त्या ओठापाशी साठते आणि रबर पॉलिश पेपरसारखं काम करतं. आता नवीन सील आणलं तरी त्याचा ओठ बरोबर त्याच चरात जाऊन बसणार आणि तेल खालून निघून जाणार. लायनर बदला, सील बदला, चर तिथेच. मी तो चर मामाला दाखवला, त्याच्या नखाने फिरवून दाखवला. मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे लायनरवाल्याला मी उगाच शिव्या दिल्या."

यावर उपाय दोन-तीन. नवा योक. किंवा गळ्यावर बसवायची पातळ स्टीलची बांगडी मिळते, ती चर झाकून टाकते. नाहीतर लेथवर भरून घासून घेणे. बांगडी त्या मापाची मिळेना. मी दोन संध्याकाळी नेटवर आणि एक शनिवार नाना पेठेत घालवला. शेवटी उपाय सुचवला तो मिस्त्रींनीच. "साहेब, सील पूर्ण आत ठोकूच नका ना. दोन मिलिमीटर बाहेर ठेवू. ओठ चराच्या शेजारी कोऱ्या जागेवर बसंल." मी बघतच राहिलो. फुकट! आधी मोजून घेतलं की सील दोन मिलिमीटर बाहेर आलं तरी ड्रमच्या आत कशाला घासत नाही. मग बारीक पॉलिश पेपरने गळा गोल गोल साफ केला (आडवा घासायचा नाही, आडव्या रेघा म्हणजे तेलाला वाटच), ओठाला ग्रीस लावलं आणि सील लाकडाच्या तुकड्यावर हलके ठोके देत सरळ बसवलं. हा माणूस इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला हवा होता.

अजून दोन बारीकसारीक गोष्टी निघाल्या. ट्रान्सफर केसमधे तेल गरजेपेक्षा जास्त होतं. भरायच्या बोल्टच्या भोकापर्यंतच भरायचं असतं, पण "गळतंय तर जास्तच भरा" असा सगळ्यांचा हिशोब. आणि आतली गरम हवा बाहेर जायचं भोक मातीने बुजलं होतं. चालून चालून आत हवा तापते, फुगते, वाट मिळाली नाही की तेलाला सीलमधून ढकलते. भोक तारेने साफ केलं. केबल काढून नळीत पातळ तेल सोडलं, खालीवर ओढून मोकळी केली.

नवे लायनर बसवले. ॲडजस्टमेंट करताना शू ड्रमला टेकेपर्यंत आवळायचे आणि मग ड्रम हाताने मोकळा फिरेल एवढे सोडायचे. इथे हावरटपणा केला तर गाडी चालताना लायनर घासत राहतं, तापतं आणि काच होतं. केबलची ओढ सगळ्यात शेवटी. बरेच लोक आधी केबल आवळतात. त्याने हँडल छान घट्ट लागतं आणि माणूस फसतो.

हे सगळं झाल्यावर मागचा भाग उचललेला होताच, दोन्ही बाजूंना भक्कम आधार दिलेला. तेव्हा मामाला एक गंमत दाखवली. खरं तर गंमत नाही. हँडब्रेक पूर्ण ओढला, शाफ्टवर खडूची खूण केली आणि मामाला म्हटलं, "तुम्ही डावं चाक पुढे फिरवा." मामा म्हणाला, "ब्रेक लावलाय, फिरंल कसं?" फिरवलं तर फिरलं! आणि उजवं चाक आपोआप उलटं फिरत होतं. खडूची खूण जागच्या जागी. मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "लागला नाय ब्रेक!"

लागला होता. डिफरन्शिअल असंच असतं. शाफ्ट धरून ठेवला तरी एक चाक पुढे आणि दुसरं मागे फिरू शकतं. दोन्ही चाकं जमिनीवर असतात तेव्हा दोघांनाही एकाच दिशेला जायचं असतं म्हणून गाडी थांबते. पण पंक्चर काढायला मागचं एक चाक जॅकवर उचललं की ते हवेतलं चाक खुशाल उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक गाडीला घेऊन जातं. जॅक आडवा होतो. आणि खाली माणूस असतो. हा प्रकार चाकांत हँडब्रेक असलेल्या गाड्यांत होत नाही, याच जातीत होतो. ब्रेक नवाकोरा असला तरी होतो. त्यामुळे अशा जीपचं मागचं चाक उचलताना फोर व्हील लावायचं (पुढच्या हबला लॉक असतील तर तेही), म्हणजे पुढची चाकंसुद्धा त्याच ड्रमला बांधली जातात. आणि जमिनीवरच्या चाकांना ठोकळे लावायचेच. मामाने आयुष्यभर उतारावर पंक्चर काढलीत. तो खाली बसला आणि त्याने चाक तीन-चार वेळा स्वतःच्या हाताने पुढेमागे करून बघितलं.

मग उताराची परीक्षा. आजीला ओसरीवरून उठवून मागच्या दारी बसवलं. ("काय धाड भरलीय तुम्हाला?") गाडी चिंचेखाली नेली, ट्रान्सफर केस न्यूट्रल, हँडब्रेक ओढला, मामाचा दगड चाकापासून फूटभर खाली ठेवला. पायाचा ब्रेक सोडल्यावर गाडी दोनेक इंच पुढे आली आणि टक् करून थांबली. मामा उडी मारायच्या बेतात. पण हे दोन इंच ब्रेकचे नाहीत. ब्रेक आहे शाफ्टच्या पुढच्या टोकाला, आणि तिथून चाकापर्यंत क्रॉस, स्प्लाइन, डिफरन्शिअलचे दाते, सगळीकडे थोडी थोडी ढिलाई. ती संपली की गाडी थांबते. अर्धा तास आम्ही चहा पीत तिच्याकडे बघत बसलो. हलली नाही. तोंड फिरवून, उलट्या दिशेने उभी करून परत अर्धा तास. हलली नाही. मागे चार पोती टाकली, तरी नाही.

एक सांगायचं राहिलं, हा ब्रेक चालत्या गाडीत ओढायचा नाही. सगळा झटका क्रॉस आणि शाफ्टवर जातो. हा फक्त उभ्या गाडीसाठी आहे.

एकूण खर्च लायनर, सील, ऑइल आणि मिस्त्रींची मजुरी धरून अडीच हजारांच्या आत. मिस्त्री मजुरी घेत नव्हते, मामाने खिशात कोंबली. माझं पेट्रोल यात धरलेलं नाही.

त्यानंतर मामाला म्हटलं, गाडीची जागाच बदला ना, गोठ्याकडे सपाट आहे. मामा म्हणाला आजीलाच जरा बाजूला बसवू, ऊन तिकडेही येतं. आजीने हे मात्र बरोबर ऐकलं. "मी हितं लग्न होऊन आले तवा तुझी गाडी नव्हती," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून गाडी गोठ्याकडे उभी राहते, आडवी.

दगड अजून सीटखाली आहे. तीन आठवड्यांनी ड्रमच्या कडेला बोट फिरवून बघितलं, कोरडं होतं. पावसाळ्यात चिखलातून महिनाभर चालली की ड्रम परत उघडणार आहे, दोन मिलिमीटर बाहेर ठेवलेलं सील काय म्हणतंय ते तेव्हा कळेल. तोपर्यंत कुणाला या मापाची बांगडी कुठे मिळते हे माहीत असेल तर कृपया कळवा.